चाळीस तिमाह्यांचा नवरा

खिडकी क्रमांक सहाच्या मागे बसलेल्या बाईंनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "कुटुंबात माणसं किती?"

"दोन," कवळीवाली म्हणाली. "मी आणि माझा नवरा. त्याला इकडे आणण्यासाठीच तर अर्ज आहे."

"तीन."

"तिसरं कोण?"

"तुमचे मिस्टर."

"त्यांना धरूनच दोन म्हटलं मी."

"ते दुसरे मिस्टर. मी पहिल्यांबद्दल बोलतेय."

कवळीवाली ही कवळ्या विकणारी नव्हे, करणारी. दातांच्या लॅबमध्ये अठरा वर्षं ती मेणात दात बसवत होती. दवाखान्यातून हिरड्यांचा ठसा यायचा, त्यात ती प्लास्टर ओतायची, प्लास्टरवर मेण, मेणात एकेक दात, आणि केसभर इकडचा तिकडे झाला तर सगळं वितळवून पुन्हा पहिल्यापासून. आडनाव लांबलचक होतं आणि कवळ्या हाताशी होत्या, म्हणून इमारतीतली माणसं तिला कवळीवालीच म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. जो धंदा आपण नीट करतो त्याच्या नावानं कुणी हाक मारली तर वाईट कशाला वाटून घ्यायचं?

"अकरा वर्षांपूर्वी पहिल्या मिस्टरांना तुम्ही बोलावून घेतलंत," खिडकीवाल्या बाई एक जुना कागद वर धरून म्हणाल्या. "ही तुमची हमी. ते इथे चाळीस तिमाह्या नोकरी करेपर्यंत, किंवा इथले नागरिक होईपर्यंत, किंवा हा देश कायमचा सोडून जाईपर्यंत, किंवा," इथे बाईंनी आवाज माणुसकीपुरता खाली आणला, "वारेपर्यंत, त्यांना पोसायची जबाबदारी तुमची."

"आमचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली."

"यादीत घटस्फोट नाही."

"म्हणजे नवरा मेला तर सुटका, सोडला तर नाही?"

"नियम मी केले नाहीत. मी फक्त माणसं मोजते."

माणसं तीन झाल्याबरोबर कवळीवालीचं उत्पन्न अपुरं झालं. दोघांपुरतं ते पुरून थोडं उरत होतं. तिघांच्या रेषेखाली ते नेमकं साडेतीन कवळ्यांनी कमी भरत होतं, आणि हिशेब गेल्या वर्षाचाच धरत असल्यामुळे त्या साडेतीन कवळ्या आता जगातल्या कुठल्याही तोंडात बसवून उपयोग नव्हता. कुणी पैसेवाला जामीन मिळतो का, हे तिनं आधीच पाहून झालं होतं. लॅबचे मालक जामिनाचा विषय निघताच टेलिफोन आला म्हणून आत गेले होते. टेलिफोन आला नव्हता.

"त्यांच्या तिमाह्या किती झाल्यात?" तिनं विचारलं.

बाईंनी पडद्यावर पाहिलं. "अडतीस. दोन राहिल्या. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडलीय त्यांनी." मग अर्जावरची तारीख बोटानं दाखवली. "ही फाइल आठ महिन्यांनी बंद होते. बंद झाली की नवीन अर्ज, नवीन रांग. रांग सध्या चार वर्षांची आहे."

कवळीवालीच्या दुसऱ्या लग्नाला एकोणीस महिने झाले होते. त्यातले तेवीस दिवस नवरा-बायको एकत्र होते. दुसरा तिकडे लिफ्ट दुरुस्त करायचा. मामेबहिणीकडे गेली असताना ती दोन मजल्यांच्या मधोमध अडकली तेव्हा त्यानं तिला वर ओढून काढलं, आणि काढल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं की, चूक लिफ्टची नाही, दोरीची आहे. कुणावर उगाच आळ न घेणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. चार वर्षं आणखी म्हणजे ती सत्तेचाळीसची आणि तो पन्नाशीचा. तोवर दोघांपैकी एकाला तिच्याच हातची कवळी लागली असती.

त्याच संध्याकाळी ती पहिल्याकडे गेली.

पहिला दोन थांबे पलीकडे एका खोलीत राहायचा. शिल्लक थोडी आणि गरजा त्याहून थोड्या, असा त्याचा कारभार होता. साडेनऊ वर्षं तो संग्रहालयात राखणदार होता, दगडी मूर्तींच्या दालनात. खुर्चीवर बसून मूर्तींवर लक्ष ठेवायचं. मूर्ती हलत नसत, हाही हलत नसे, दोन्ही बाजूंचं उत्तम चाललं होतं. मग नवीन व्यवस्थापक आला आणि राखणदारांनी उभं राहावं असं ठरलं. खुर्ची उचलली त्या दिवशी पहिल्यानं राजीनामा दिला. कामाला त्याचा विरोध नव्हता. उभं राहण्याला होता.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे पाच वर्षं मी तुझ्या आधारानं जगतोय?"

"कागदावर."

"आणि मला कुणी कळवलं नाही."

"मलाही आजच कळलं."

"मी कुणाचं खात नाही," पहिला म्हणाला. त्याला खरोखर लागलं होतं. "म्हणजे आपला घटस्फोट अजून अर्धवटच आहे म्हण की."

"सरकारच्या लेखी तसंच."

"मग तो पुरा करून टाकू. अर्धवट काही आवडत नाही मला. पण खुर्ची पाहिजे. आणि तिला हात पाहिजेत."

"हात देते."

"लेखी दे," पहिला म्हणाला. "तुझी सही चालते, हे आता कळलंय."

लॅबच्या मालकांना जामीन नाकारल्याची टोचणी होतीच, आणि त्यांच्याकडे एक जुनं दुखणंही होतं. मागच्या खोलीत वीस वर्षांचे उरलेसुरले सुटे दात एका प्रचंड खणात पडले होते. समोरचे, सुळे, दाढा, डावे, उजवे, दुधासारखे पांढरे आणि चहा प्यायल्यासारखे पिवळट, सगळे एकत्र. एक दात हवा असेल तर त्यात कोपरापर्यंत हात घालावा लागे, म्हणून कुणी घालत नसे. नवे मागवत. ते दात आकार आणि छटेप्रमाणे लावायचं काम पहिल्याला मिळालं. खुर्ची हातांची होती. तिमाही सुरू झाली त्या तारखेला तो कामावर हजर झाला.

अडचण एकच होती, सकाळची. सलग दोन तिमाह्यांत बिनपगारी खाडा एक जरी पडला तरी ती तिमाही बाद, आणि दीड वर्षात पहिला नऊच्या आत उठल्याचा पुरावा नव्हता. कवळीवाली स्वतः सातला लॅबमध्ये पोचायची. पहिल्या आठवड्यात ती त्याच्या दारावर थापा मारून पुढे गेली. तेव्हा शेजारी उठले, पहिला नाही.

"मी उठवतो त्यांना," दुसरा फोनवर म्हणाला. "तुमच्याकडे पावणेसहा वाजतात तेव्हा इकडे सव्वानऊ. मी लिफ्टच्या यंत्रखोलीत एकटाच असतो. करतो फोन."

"तू कशाला?"

"माझ्याच बायकोचं काम आहे ना?"

आपल्या भाषेत सवत आहे, पण बायकोच्या आधीच्या नवऱ्याला काय म्हणायचं याची सोय नाही. आजवर गरज पडली नसावी. दुसऱ्यानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं आणि तो त्याला दादा म्हणू लागला. पहिल्यानंही रीतीला रीत म्हणून त्याला धाकटे म्हणायला सुरुवात केली.

"दादा, उठा."

"उठलोय, धाकटे."

"बसून सांगा."

"बसलोच आहे."

"मग दिवा लावा, मला खटका ऐकू येऊ दे."

असं रोज. धाकटे यंत्रखोलीत, दादा पांघरुणात. महिन्याभरात पहिला तिसऱ्या हाकेला उठू लागला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याला कुठलं मलम लावायचं ते दुसऱ्यानं तिकडच्या डॉक्टरला विचारून कळवलं. तिसऱ्यात, उताणं झोपल्यानं घोरणं वाढतं तेव्हा कुशीवर वळा, असा निरोप आला. रात्री कवळीवालीशी बोलायला फोन यायचा तेव्हा दुसऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, "दादा वेळेवर पोचले?" आणि ती म्हणायची, "पोचले. जेवले. खोकला कमी आहे." एवढ्यात दहा मिनिटं जात. मग दोघं दमलेली असत.

"पहिल्याला कामाला लावायला दुसरं लग्न करावं लागलं होय गं तुला," तिची आई फोनवर म्हणाली. "आधी सांगितलं असतंस तर पहिल्याच वेळी दोन केली असती."

चौथ्या महिन्याच्या शेवटी भलतंच संकट आलं. दात संपले.

पहिला काम करू लागला की थांबत नसे, हे लग्नाच्या सहा वर्षांत तिला दिसलं नव्हतं, कारण सुरुवातच झाली नव्हती. एका दुपारी ती मागच्या खोलीत गेली तर भिंतीपाशी ट्रे रांगेनं लावलेले. नऊ हजार दात, ओळीत, छटेप्रमाणे, डावे डावीकडे. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. खण रिकामा, पुसलेला. अठरा वर्षांत इतकं देखणं काम तिनं कुणाच्या हातचं पाहिलं नव्हतं, स्वतःच्या सोडून.

मालक मागे येऊन उभे राहिले. "फार छान केलं हो यांनी. आता यांना काय काम द्यायचं? उद्यापासून नको म्हणावं लागेल." दुसरी तिमाही पुरी व्हायला अजून दोन महिने होते.

पहिला जेवायला बाहेर गेला होता. मालक टेलिफोन आला म्हणून आत गेले. या खेपेला खरंच आला होता.

कवळीवाली ट्रेंसमोर उभी राहिली. एक सुळा किंचित तिरका होता, तो तिनं सवयीनं सरळ केला. मग पहिला ट्रे उचलला आणि खणात ओतला. मग दुसरा. दात खणात पडताना गारा पडल्यासारखा आवाज होत होता. अकरा ट्रे झाल्यावर तिनं खणात दोन्ही हात घातले आणि पीठ मळावं तसे ते दात वरखाली केले, कारण अर्धवट मिसळलेले राहिले असते तर आठवड्यात पुन्हा लागले असते.

जेवून आल्यावर पहिल्यानं खणाकडे पाहिलं, रिकाम्या ट्रेंकडे पाहिलं.

"परत?" तो म्हणाला.

"परत."

"चिठ्ठ्या तरी ठेवल्यास?"

"ठेवल्यात."

तो खुर्चीवर बसला, बाह्या सारल्या आणि एक दात उचलून उजेडात धरला. "हा ओळखीचा आहे," म्हणाला, आणि पहिल्या कप्प्यात ठेवला. मालकांनी दुसऱ्या दिवशी खणात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि दात वाढतात कसे, असं काहीतरी पुटपुटून गेले.

शेवटच्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, लग्न खरं आहे की कागदी, हे पाहायला तपासनीस घरी आला. हे खातं वेगळं. खिडकी सहा पैसे पाहायची, हे खातं प्रेम पाहायचं. दोन्ही खात्यांचं आपसात बोलणं नव्हतं.

दार पहिल्यानं उघडलं. आठवड्याचा हजेरीचा कागद द्यायला तो आला होता आणि आल्यावर बसला होता.

"आपण पती?" तपासनीसानं विचारलं.

"पूर्वी," पहिला म्हणाला. "आत या. चहा टाकतो."

तपासनीसानं वहीत काहीतरी लिहिलं. मग चहाच्या किटलीला टेकवून फोन उभा केला, त्यात दुसरा दिसत होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मागे लिफ्टच्या दोऱ्या. कवळीवालीला शेजारच्या खोलीत बसवलं. दार उघडंच होतं, म्हणून तिला सगळं ऐकू येत होतं.

"पत्नी सकाळी किती वाजता उठतात?"

"पावणेसहाला मी फोन करतो. पहिल्या हाकेला नाही उठत, तिसऱ्या."

"स्वतःहून उठत नाहीत?"

"नाही हो, दादांचं सांगतोय मी."

"मी पत्नीबद्दल विचारलं."

दुसरा गोंधळला. "तीही उठत असेल तेव्हाच."

"पत्नींना काही औषधपाणी चालू आहे?"

"गुडघ्याला मलम. डाव्या." मग ओशाळून, "तेही दादांचंच."

"चहा कसा लागतो? पत्नींना."

दुसऱ्यानं मागे वळून दोऱ्यांकडे पाहिलं. "दादांना बिनसाखरेचा," दुसरा अखेर हळूच म्हणाला. "तिचं विचारून सांगतो."

"झोपेत घोरतात का?"

"पत्नी की..."

"हल्ली नाही," स्वयंपाकघरातून पहिला म्हणाला.

नंतर तपासनीसानं कवळीवालीला बोलावून दुसऱ्याबद्दल तेच सगळं विचारलं. तिला त्याच्या आवाजावरून तो दमलाय की नाही हे कळायचं, पण तो काय खाऊन दमतो हे तिनं पाच महिन्यांत विचारलं नव्हतं. त्याला चष्मा लागलाय हे तिला आत्ता, किटलीला टेकलेल्या फोनवर पाहून समजलं.

अहवाल आठ दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं: 'अर्जदार पती-पत्नींना परस्परांविषयी असलेली माहिती तुटपुंजी. घरात उपस्थित असलेल्या तिसऱ्या इसमाविषयी मात्र उभयतांना सखोल आस्था. विवाह संशयास्पद. दहा दिवसांत, विवाह प्रत्यक्ष पाहिलेल्या जाणकार व्यक्तीचं लेखी निवेदन न आल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.'

कवळीवाली तो कागद घेऊन लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन बसली. पहिला दाढा लावत होता.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "आम्ही बोलतो ते तुझ्याबद्दल. त्यानं मला शेवटचं काय विचारलं होतं ते आठवत नाही मला. तुझ्या खोकल्याखेरीज."

"जाणकार व्यक्ती म्हणजे कोण?"

"लग्न पाहिलेली. आमचं कुणी पाहिलंय? तेवीस दिवसांत माणसं चहाला पण आली नाहीत."

पहिल्यानं हातातली दाढ खाली ठेवली. ती तिच्याच कप्प्यात ठेवली, चुकीच्या नाही. "तुझ्याबरोबर लग्न करून राहिलेला माणूस अख्ख्या जगात एकच आहे," तो म्हणाला. "कागद आण."

त्यानं दोन जेवणाच्या सुट्ट्या खर्चून निवेदन लिहिलं आणि पाकीट चिकटवून दिलं. "वाचू नकोस. तुझ्यासाठी नाही ते."

तिमाही संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी कवळीवाली खिडकी सहासमोर उभी राहिली. एका हातात मालकांच्या सहीचं प्रमाणपत्र, दुसऱ्यात पाकीट. खिडकीवाल्या बाईंनी प्रमाणपत्र पाहिलं, पडदा पाहिला.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "गेले तुमच्या कुटुंबातून. आता माणसं दोन. उत्पन्न पुरतंय." त्यांनी एक शिक्का मारला. "पण हा शेरा आहे प्रेमखात्याचा. निवेदन आणलंय?"

त्यांनी पाकीट फोडलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे पुटपुटत वाचू लागल्या. काचेला भोकं होती, त्यामुळे कवळीवालीला शब्द न् शब्द ऐकू आला.

'मी अर्जदार बाईंचा पूर्वीचा पती. सहा वर्षं त्यांच्याबरोबर संसार केला, त्या अधिकारानं लिहितो. या बाई कामात चूक सहन करत नाहीत. मी एकदा त्यांनी मेणात बसवलेला एक दात हलवून पाहिला तर आठ दिवस बोलल्या नव्हत्या. अशा बाईंनी मी चार महिने खपून लावलेले नऊ हजार दात दुपारच्या सुट्टीत आपल्या हातांनी पुन्हा एकत्र केले, हे मी दाराआडून पाहिलं. ते करताना त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी सहा वर्षांत काही विस्कटलं नाही. माझी तक्रार नाही. मीही कधी हललो नाही. त्यांचे सध्याचे पती परक्या माणसाला सहा महिने रोज उठवत होते. मला तरी इतकं कुणासाठी जमलं नसतं, आपल्या माणसासाठीसुद्धा नाही. बाई चहात साखर एक चमचा घेतात, पण कुणी विचारलं तर नको म्हणतात. हे मला पाचव्या वर्षी कळलं. सध्याच्या पतींना कळायला वेळ द्यावा. हे लग्न खोटं असेल, तर आमचं काय होतं, ते कार्यालयानं मला लेखी कळवावं.'

खिडकीवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"दातांचा परिच्छेद," त्या अखेर म्हणाल्या, "मी वाचलेला नाही."

"बरं."

"आणि शेवटच्या ओळीचं उत्तर द्यायला आमच्याकडे नमुना नाही." त्यांनी शेऱ्यावर दुसरा शिक्का मारला, तो नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला, आणि खणातून एक छापील कागद काढून काचेखालून पुढे सरकवला. "तुमचे मिस्टर महिन्याभरात येऊ शकतील. ही त्यांची हमी. चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं, तीही त्यांनी एक दिवस खाडा केला नाही तर. घटस्फोट झाला तरी सुटका नाही. या खेपेला नीट वाचून सही करा."

कवळीवालीनं पेन उचललं.

"वाचा म्हटलं ना," बाई म्हणाल्या.

"वाचलंय."

"कधी? आत्ता तर दिलाय कागद."

"सहा महिने तेच वाचतेय," ती म्हणाली आणि सही केली. सही चौकटीबाहेर गेली. ती तिनं तशीच राहू दिली.